गाडीतला तेलाचा लाल दिवा

भगिनींनो, मुलांना क्लासला सोडणं, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं, सणावाराला माहेरी जाऊन येणं, आपल्यातल्या कितीतरी जणी ही सगळी कामं आता स्वतः गाडी चालवून करतात. पण बॉनेट उघडायची वेळ आली की ‘ते ह्यांचं खातं’ म्हणून आपण बाजूला होतो. म्हणून या खेपेला एका वाचक भगिनीचं पत्र मुद्दाम घेतलं आहे.

त्या लिहितात, “गेल्या पावसाळ्यात दोन मुलांना घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघाले होते. खंबाटकीच्या घाटात वळण आलं की किटलीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुके आणि सरळ रस्ता लागला की विझे. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. ह्यांना फोन केला तर म्हणाले, काही होत नाही, सावकाश साताऱ्यापर्यंत ने. मी ऐकलं नाही, टोचन करून आणली. माझं चुकलं का? आणि आता गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल.”

अहो, चुकलं कसलं! तुमच्या त्या हट्टानं बहुधा इंजिनच वाचलं असेल.

हा दिवा इंजिनात ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलला दाब किती आहे ते सांगतो. घराच्या तळाशी पाण्याची टाकी भरलेली असली तरी मोटर बिघडली तर वरच्या मजल्यावर नळाला धार येते का? तसंच हे. इंजिनाच्या पोटाशी जो चेंबर असतो, त्यातलं ऑइल एक पंप वर चढवतो आणि प्रत्येक फिरत्या भागापर्यंत पोचवतो. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये हा तेलाचा पातळ पदर लागतो. टायरमध्ये आपण ३०-३२ हवा भरतो ना, त्याच मापानं बोलायचं तर रस्त्यावर धावणाऱ्या इंजिनात ऑइलचा दाब साधारण ३० ते ६० असतो. आणि लाल दिवा लागतो तो बहुतेक गाड्यांत दाब १० च्याही खाली गेल्यावर! म्हणजे दिवा लागला तेव्हाच उशीर झालेला असतो. मग ‘सावकाश ने’ याला काही अर्थ उरत नाही. सावकाश गेलं तरी इंजिन फिरतंच, आणि काही मिनिटांत बेअरिंग घासून ते जाम होऊ शकतं.

तेव्हा दिवा दिसला की इंडिकेटर देऊन गाडी कडेला घ्या, पूर्ण थांबवा आणि मगच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत किल्ली फिरवू नका हं, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. मुलांना रस्त्यापासून लांब उभं करा. जागा सपाट असेल तर दहा मिनिटं थांबून डिपस्टिक काढा, फडक्यानं कोरडी पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेपाशी किंवा त्याहून खाली असेल तर चोराचा पत्ता लागला. वळणावर लुकलुकणं हे बहुधा याचंच लक्षण. कमी राहिलेलं ऑइल वळणात एका बाजूला कलतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते.

मात्र ऑइल कमी दिसलं तर घाईनं डबा रिकामा करू नका. दोन खुणांमधलं अंतर पुष्कळ गाड्यांत सुमारे १ लिटरचं असतं. थोडं थोडं घाला, दर वेळी मोजा. जास्त झालं तर घुसळणीतल्या ताकासारखा त्याला फेस येतो आणि दाब पुन्हा पडतो. कोणतं घालायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं, ‘५ डब्ल्यू ३०’ असं काहीतरी. ऑइल घातल्यावर इंजिन सुरू करा. दोन-तीन सेकंदांत दिवा विझला तर ठीक, पण ऑइल गेलं कुठे हे शोधायला हवंच. गाडीखाली डाग बघा. नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर चेंबरचा नट सैल राहिला असेल, नाहीतर जुन्या फिल्टरचं रबर चिकटून राहून त्यावरच नवा बसवला असेल.

दिवा विझला नाही, किंवा ऑइल आधीच पुरेसं होतं, तर पुन्हा किल्ली लावायची नाही, टोचनच करायचं.

आता गॅरेजवाल्याचं. इंजिन उतरवायला निघालेल्या मिस्त्रीला आधी एकच विचारा, “दाब मोजलात का?” ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी मीटर लावला की खरा आकडा कळतो. फार वेळाचं काम नाही ते. दाब व्यवस्थित निघाला तर दोष स्विचचा किंवा वायरचा, थोडक्यात भागतं. दाब खरोखर कमी असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून पाहावा. कढईतलं तेल तापलं की पातळ होतं, तसं इंजिनातलंही होतं. जुनं किंवा चुकीचं ऑइल फारच पातळ होतं आणि मग गाडी गरम झाल्यावर, सिग्नलला उभी असताना दिवा लागतो. त्यानंतर चेंबर उघडून पंपाची जाळी गाळानं तुंबली आहे का ते बघायचं. उंच गतिरोधकाला चेंबर आपटून आत चेपला असेल तरीही जाळीचं तोंड दबतं. पंप आणि बेअरिंग यांची पाळी सगळ्यात शेवटी. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी शिरलंय, तिथे मिस्त्रीचं म्हणणं खरं असू शकतं.

आणखी एक. रोज किल्ली फिरवल्यावर हा दिवा क्षणभर लागतो की नाही, तेही बघत जा. लागतच नसेल तर ती वायर तुटल्याची खूण असू शकते, मग ऐन वेळी तो तुम्हाला सांगणार काय? डिकीत पुस्तकात सांगितलेल्या ऑइलचा १ लिटरचा डबा आणि एक धुतलेलं सुती फडकं असू द्या. जुन्या साडीचं उत्तम, धागे सुटत नाहीत.