मोबाईल काढून घेण्याआधी मुलींचा विचार केला का?

परीक्षा जवळ आल्या की विहारात एकच विषय निघतो, पोरं मोबाईलपायी वाया चालली. पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातून औंढा, हिंगोलीच्या कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींबद्दलही हेच बोललं जातं. तक्रार खोटी नाही, पण अर्धवट आहे असं आम्हाला वाटतं.

इंग्रजी किंवा पाली घेऊन बी.ए. करणाऱ्याला ती भाषा घरात ऐकायला मिळत नाही. उच्चार, शब्दकोश, व्याख्यान सगळं मोबाईलवर. 3 ऑक्टोबर 2024 ला पालीला अभिजात दर्जा मिळाला, पण खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या हाती तिपिटक येतं ते मोबाईलवरच. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने ते देवनागरीत मोफत दिलं आहे. त्याच स्क्रीनवर रीलही चालतात. भाषा शिकायची तर एकच वाक्य दहा वेळा वाचावं लागतं, मोठ्याने म्हणावं लागतं. रील दहावी वेळ येऊच देत नाही. आणि मध्येच नोटिफिकेशन वाजलं तर लक्ष परत यायला वीस मिनिटंही लागू शकतात, असं युनेस्कोचा 2023 चा अहवाल सांगतो.

'असर' 2023 चं सर्वेक्षण 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलामुलींचं होतं; यातलेच अनेक आज कॉलेजात आहेत. जवळपास एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वतःच्या भाषेत सलग वाचता येत नव्हता. म्हणजे पाया मोबाईल हातात येण्याआधीच कच्चा राहिला होता. आणखी एक आकडा: स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे 44 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी जेमतेम 20 टक्क्यांकडे. उद्या 'स्क्रीन टाइम कमी करा' असा फतवा निघाला, तर फोन आधी कुणाच्या हातून जाईल? मुलगा पारावर बसून बघत राहील. बहिणीचा शब्दकोश मात्र कपाटात जाईल.

वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतंच. बाबासाहेबांनी तो ग्रंथ मुळात इंग्रजीत लिहिला. कॉलेजच्या मुलामुलींनी रोज त्याचं एक इंग्रजी पान तिथे मोठ्याने वाचावं, अडलेला शब्द मोबाईलवर शोधावा, बाकी वेळ फोन सतरंजीवर पालथे. कार्यकर्त्यांनी वेळ ठरवताना मुलींना आधी विचारावं. रात्री नऊची वेळ ठेवली तर त्या येणार नाहीत.