बायपास एकाची, पथ्य घरादाराचे

बायपास करून पेशंट घरी येतो तेव्हा औषधांच्या पिशवीत डाएटचा एक छापील कागदही असतो. तो फ्रिजवर लागतो आणि गॅसवर दोन पातेली चढू लागतात. एक घरच्यांचे, दुसरे ‘यांच्या’ अळणी भाजीचे. महिना-दीड महिना निभते. मग करणारीही कंटाळते आणि खाणाराही. ‘एका पापडाने काय होतंय’ म्हणत पथ्याला पहिली भेग पडते. दिवाळीच्या फराळापर्यंत पातेले पुन्हा एकच झालेले असते, तेही जुन्या चवीचे.

यात पेशंटच्या जिभेला बोल लावण्यात अर्थ नाही. सगळे घर झणझणीत रस्सा भुरकत असताना एकट्याने दुधी गिळायचा, ही व्यवस्थाच टिकणारी नव्हे.

शस्त्रक्रियेने अडलेल्या रक्ताला नवी वाट मिळते, पण धमन्यांत चरबी साचवणारा आजार अंगातच राहतो आणि त्या नव्या वाटेच्याही मागे लागतो. छातीतली धमनी वापरून केलेली जोडणी दहा वर्षांनंतरही बहुतेकदा चालू असते. पायातून काढून जोडलेल्या शिरांपैकी मात्र जवळपास निम्म्या तेवढ्या काळात निकामी होऊ शकतात. म्हणून गोळ्या, चालणे, तंबाखूला कायमची सोडचिठ्ठी आणि ताट, या चारही गोष्टी जन्मभराच्या.

फ्रान्समधल्या लिऑं शहरातला अभ्यास इथे आठवावा असा आहे. हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेलेल्या ६०५ जणांपैकी निम्म्यांना भूमध्यसागरी धाटणीचा आहार सांगितला गेला: भाज्या, फळे, कडधान्ये, मासे जास्त, मांस, लोणी, साय कमी. लोण्याऐवजी खास बनवलेले मार्गारिन फुकट दिले, तेही पेशंटपुरते नव्हे, अख्ख्या कुटुंबाला पुरेल इतके. १९९९ साली शेवटचे आकडे आले. नेहमीच्या आहाराच्या गटात हृदयविकाराने मृत्यू आणि पुन्हा आलेले झटके मिळून ४४ घटना होत्या, नव्या आहाराच्या गटात १४. त्या मार्गारिनमध्ये ओमेगा-३ वर्गातला जो स्निग्धांश होता, तो आपल्याकडच्या जवसात भरपूर असतो. भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणाऱ्याला ऑलिव्ह ऑइलच्या बाटलीवाचून अडत नाही. फक्त चटणीत मीठ बेताने हवे.

पथ्य खरोखर कुठे चुकते, हे डाएटच्या कागदापेक्षा वाण्याच्या यादीवर लवकर कळते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत. चौघांच्या घरात एक किलोचा पुडा त्या हिशेबाने पन्नास दिवस पुरायला हवा. तो महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज आठ ग्रॅमच्या वर मीठ जाते आहे, आणि त्यात विकतचे फरसाण, पाव, लोणचे धरलेलेच नाही. तेलाचेही तसेच. माणशी महिन्याला अर्धा लिटर हा आहारतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब, म्हणजे चौघांना दोन लिटर. पाच लिटरचा डबा महिन्यात रिकामा होत असेल, तर पेशंटची भाजी वेगळी शिजवून फारसे काही साधत नाही.

गैरसमजही घरोघरी तेच. सैंधव ‘चालते’ म्हणून उपवासाच्या खिचडीत सढळ हाताने पडते. पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. हृदयाची झडप बदलून रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याची पालेभाजी घाबरून बंद केली जाते. खरे तर ती रोज साधारण सारखी हवी. एक आठवडा मेथी-पालक आणि पुढचा कोरडा, असे झाले की रक्त गोठण्याचा निर्देशांक, म्हणजे आयएनआर, वरखाली होतो.

अतिउत्साहही बाधतो. छातीचे हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात भूक मेलेली, तोंड बेचव, आणि घरचे पेज नि पातळ वरणावर ठेवतात. जखम भरून यायला प्रथिने लागतात: घट्ट वरण, उसळ, दही, अंड्याचा पांढरा भाग, चालत असेल तर वाफवलेला बांगडा.

म्हणून रुग्णालयांनी एक साधी गोष्ट करावी. डिस्चार्जच्या दिवशी आहारतज्ज्ञाने पेशंटसमोर कागद वाचून दाखवण्याऐवजी घरी रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला, मग ती बायको असो, सून असो की पोळीवाल्या मावशी, अर्धा तास समोर बसवावे. महिन्याची यादी घेऊनच त्यांना बोलवावे आणि मीठ, तेल, पापड, बिस्किटे यांचे आकडे त्या यादीतच दुरुस्त करावेत. पेशंट पुरुष पंचावन्नच्या आत किंवा स्त्री पासष्टच्या आत असेल, तर मुले आणि सख्खी भावंडे यांनाही हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. त्यांच्या रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलच्या तपासणीची चिठ्ठी त्याच बैठकीत लिहून द्यायला हवी.