पगाराची कुळकथा

गुलमंडीतले आमचे किराणावाले चाचा दिवाळीच्या तोंडावर हटकून विचारतात, "क्यों सर, तनखा हुई?" तनखा फारसी, वेतन संस्कृत, आणि आमच्या सौ. ज्याची वाट पाहतात तो पगार मात्र पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरलेला!

गंमत अशी की पोर्तुगीज भाषेत 'पगार' हे नाम नव्हेच, क्रियापद आहे: पैसे चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. आणि तेही 'पाक्स' म्हणजे शांतता या स्त्रीलिंगी नामापासून निघालेले. धनकोला शांत केले म्हणजे देणे फिटले, असा हा अर्थाचा प्रवास. शेवटचा 'आरे' हा प्रत्यय आपल्या 'करणे'तल्या 'णे'सारखा. पोर्तुगिजांनी त्याचा 'आर' केला. मराठीने ते क्रियापद प्रत्ययासकट उचलले, त्याचे नाम केले, वर पुल्लिंगी ठरवले आणि 'पगाराला', 'बिनपगारी' असे खुशाल चालवले. परक्याला घरचा करावा तो असा!

परवा अध्यापक-कक्षात मी हे सारे रंगवून सांगितले. तासिका तत्त्वावरचा आमचा तरुण सहकारी ऐकत होता. त्याच्या कागदावर पगार नसतो, 'मानधन' असते. तेही चार महिने आलेले नाही. तो हसून म्हणाला, "सर, मग मला कधी शांत करणार?"

संध्याकाळी चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "हुई," मी म्हणालो. मागे वळून पाहतो, तर रिकामी पिशवी घेऊन तो उभा.