धावणाऱ्यांची पहाट आणि रक्ताची एक चाचणी

पहाटे पाचच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या रस्त्याने निघाले की अंधारात पांढऱ्या पट्टीच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसतात. गोरेगाव असो, देवरी असो की अर्जुनी मोरगाव, चित्र तेच. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी, एखाद्याच्या हातात मोबाइलवर सुरू असलेली वेळ. ही मॅरेथॉनची हौस नव्हे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. वनरक्षक भरतीत ही अंतरे ५ आणि ३ किलोमीटर होतात. धानाच्या भरवशावर घर चालवणे कठीण झालेल्या घरांत या काही मिनिटांवर सगळ्यांची नजर असते.

मुंबई-पुण्याकडची मंडळी आता सह्याद्रीच्या पायवाटांवर आणि कोकणच्या किनाऱ्यांवर धावण्यासाठी पैसे मोजून जातात. गोंदियाला समुद्र नाही, पण बाकी सगळे अंगणात आहे. सालेकशाकडे दरेकशाचे डोंगर आणि हाजरा फॉल, कचारगडची गुहा, प्रतापगडचा चढ, नवेगावबांधचे पाणी, इटियाडोहचा परिसर. तरीही इथली धावणारी मुले ट्रकच्या हेडलाइटमध्ये डांबरावर का पळतात?

एक कारण उघड आहे. जंगल रिकामे नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला आणि मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी येथे आणून सोडण्यात आल्या. प्रकल्पात पायी फिरण्यास मनाई आहेच, पण वाघ-बिबटे प्रकल्पाची हद्द पाहून चालत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीजवळ एका मोटारीच्या धडकेत तरुण वाघाचा जीव गेला, तोही गोंदिया-कोहमारा या रहदारीच्या रस्त्यावर. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की अस्वलेही पहाटेच झाडाखाली येतात. पळणारी आकृती शिकारी प्राण्याला सावजासारखी भासते, आणि अचानक समोर आलेले अस्वल तर घाबरूनच अंगावर येते. तेव्हा झुंजूमुंजू होण्याआधी जंगलाच्या रस्त्याने एकट्याने, कानात इअरफोन घालून धावणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

पण जंगल आणि महामार्ग यांच्या मधली एक जागा या जिल्ह्याकडे आहे आणि तिची कुणाला आठवण होत नाही. ती म्हणजे तलावांची पाळ. कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले जुने मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारी कागदावर आणि बोलण्यातही ‘मामा तलाव’ म्हणतात, गावोगावी आहेत. पाळ मातीची, मोकळी, गावाच्या नजरेतली. वाहन नाही, आडोसाही फारसा नाही. हिवाळ्यात पाण्यावर बदके उतरलेली असतात आणि नशीब असेल तर गोंदियाजवळच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडीही दिसते. काही पाळींवर झुडपे माजली आहेत, काही खचल्या आहेत. रोजगार हमीतून झुडपे काढून मुरूम टाकला तरी दीड-दोन किलोमीटरचा मार्ग तयार होऊ शकतो. त्यासाठी क्रीडा संकुलाच्या मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही.

रस्ता बदलला तरी एक धोका धावणाऱ्याच्या बरोबर येतोच, कारण तो त्याच्या रक्तात असतो. पूर्व विदर्भात आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आले तर तो रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. एकाकडूनच आले तर वाहक, ‘एएस’. वाहकाला आजार नसतो. तो शेतात राबतो, झाडावर चढतो, शाळेत पहिला येतो. उलट हिवतापाच्या प्रदेशात या एका जनुकाने शेकडो पिढ्यांना तापापासून काही प्रमाणात वाचवले; म्हणूनच ते इथे टिकले. त्यामुळे बहुतेकांना आपण वाहक आहोत हे कळतही नाही.

मात्र शरीर अगदी टोकाला ताणले गेले की हिशेब बदलतो. जीव तोडून धावताना स्नायूंतील प्राणवायू कमी होतो, आम्लता वाढते, शरीर तापते, पाणी घटते. या चारही गोष्टी एकत्र आल्या की वाहकाच्याही काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. स्नायू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात. मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही संकटात येतात.

अमेरिकी सैन्याला हे फार पूर्वी कळले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षणार्थी कृष्णवर्णीय जवानांपैकी सिकलसेल वाहकांत अचानक मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे २८ पट आढळले होते. त्यानंतर उष्णता, पाणी आणि विश्रांतीचे नियम आले. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. श्रमाने स्नायू फुटण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी अधिक होता. पहिला आकडा घाबरवणारा आहे, पण गोंदियासाठी दुसरा अधिक कामाचा आहे. वाहकाला धावण्यापासून अडवायचे नाही. त्याला कसे धावायचे ते सांगायचे आहे.

ते सांगणे अवघड नाही. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून १६०० मीटर पूर्ण ताकदीने पळू नये. वेग आणि अंतर काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे. दोन फेऱ्यांच्या मध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे, अंगात ताप असेल तर त्या दिवशी मैदानाकडे फिरकू नये. सर्वांत महत्त्वाचे, खूण ओळखावी. साध्या गोळ्यात पोटरी दगडासारखी होते आणि मुलगा ओरडतो. पेशी वाकू लागल्या तर बऱ्याचदा पायातली ताकदच जाते, तो खाली बसतो, बोलत असतो, पोटरी हाताला मऊच लागते. अशा वेळी ‘उठ, नाटक करू नको’ म्हणणारा प्रशिक्षक जीव घेऊ शकतो. धावणे तिथेच थांबवून, अंग गार करून, त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यायला हवे आणि तो वाहक असल्याचे डॉक्टरांना सांगायला हवे.

यात भरतीचे वेळापत्रक तेल ओतते. जाहिरात निघेपर्यंत सराव थंड आणि तारीख लागली की सकाळ-संध्याकाळ धावाधाव; नडगीची दुखणी आणि हाडाला पडणाऱ्या चिरा यातूनच येतात. त्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. उष्णतेला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, हे निसर्गाचे वेळापत्रक कोणत्याही मंडळाला बदलता येत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत उमेदवार दगावले, त्यानंतर अंतर कमी झाले. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटरच्या धावेने दहाहून अधिक तरुणांचा बळी घेतला. दोन्ही वेळी शहाणपण मृत्यूनंतर आले.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. म्हणजे चाचणीची यंत्रणा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर रुग्ण की वाहक हे इलेक्ट्रोफोरेसिसने ठरते. धावणाऱ्या पोरांपर्यंत ही यंत्रणा पोहोचवायची, तर तिने त्यांच्या वेळेला जायला हवे. दवाखान्याच्या वेळेत ही मुले एक तर शेतात असतात किंवा अभ्यासिकेत. ती हमखास सापडतात ती पहाटे, मैदानावर. आरोग्य सेविकेचे एक पथक आठवड्यातून एकदा तिथे उभे राहिले तर महिन्याभरात तालुका आटोपेल.

एक अडचण उरते आणि ती वैद्यकीय नाही. वाहक म्हटले की लग्न मोडेल, भरतीतून बाद करतील, या भीतीने घरचे कार्ड ट्रंकेत ठेवून देतात. म्हणून अहवाल ज्याचा त्याच्या हातात द्यावा. त्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा अकादमीच्या व्हॉट्सअॅप गटावर जाता कामा नये. आणि ‘वाहक अपात्र नाही’ हे वाक्य भरतीच्या जाहिरातीतच ठळक छापावे.