प्रतिविश्वातील खलत्व आणि नाट्यधर्मी अभिनय

विज्ञानकथात्मक दूरचित्रमालिकांची चर्चा करताना ‘नाटकी’ हे विशेषण सहसा दोषदर्शक म्हणूनच योजले जाते. चढवलेला स्वर, वाक्याच्या मध्येच घेतलेले विराम, विस्फारलेले डोळे, देहाचे ताठर आविर्भाव हे रंगभूमीचे अवशेष असून कॅमेऱ्याच्या सान्निध्यात ते खटकतात, असा या आक्षेपाचा आशय असतो. हा आक्षेप ‘दुष्ट प्रतिविश्वा’च्या कथाभागांवर सर्वाधिक घेतला जातो. अशा भागांत नेहमीचेच यान आणि नेहमीचीच पात्रे असतात. मात्र त्यांची मूल्यव्यवस्था नेमकी उलटी असते. वास्तववादाचा निकष लावल्यास येथील अभिनय हास्यास्पद ठरतो, हे खरे. परंतु तो निकषच येथे अप्रस्तुत आहे. या कथाप्रकारात नाटकीपणा हे आशयाचे वाहन आहे.

पर्यायी विश्वाची कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. पानिपतावर मराठे विजयी झाले असते तर, या कल्पनेवर जयंत नारळीकरांनी कथा रचली आहे. तेथे बदलतो तो इतिहास. त्या इतिहासात जाऊन पडणारे गंगाधरपंत मात्र तेच राहतात. दुष्ट प्रतिविश्वात बदल घडतो तो माणसाच्या शीलात. इतिहासातील बदल निवेदनातून सांगता येतो. शीलातील बदल मात्र नटाला देहातून आणि वाणीतून दाखवावा लागतो. अभिनयाचा प्रश्न येथे केंद्रस्थानी येतो तो यामुळेच.

या प्रकाराचा आदर्श नमुना म्हणजे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील ‘मिरर, मिरर’ हा जेरोम बिक्सबी यांनी लिहिलेला १९६७ चा भाग. आयन वादळामुळे कर्णधार कर्क व त्याचे तीन सहकारी प्रतिविश्वातील यानावर जाऊन पोचतात. तेथे महासंघाच्या जागी साम्राज्य आहे. वरिष्ठाचा खून करून बढती मिळते आणि चुकीबद्दल यातनायंत्राची शिक्षा होते. नेपथ्य जवळपास तेच आणि नटसंचही तोच असल्याने भेद दर्शविण्याचा मुख्य भार वेशभूषेवर व अभिनयावर पडतो. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर कमरेच्या कट्यारी, सुलूच्या चेहऱ्यावरील व्रण आणि स्पॉकची दाढी हा सारा आहार्य अभिनय होय. परंतु लेनर्ड निमॉय यांनी साकारलेल्या स्पॉकचे आहार्य बदलले तरी सात्त्विक अंग बदलत नाही. तोच संयम आणि तीच तर्कनिष्ठा कायम राहते. म्हणूनच अखेरीस कर्क त्याच्या विवेकाला आवाहन करू शकतो.

विल्यम शॅटनर यांच्या कामात तर अभिनयाचे तीन थर आहेत. कॅनडातील स्ट्रॅटफर्ड महोत्सवात शेक्सपिअरची नाटके केलेला हा नट सज्जन कर्क उभा करतो, त्या कर्कला क्रूर कर्कची बतावणी करावी लागते, आणि शिवाय मूळ विश्वात येऊन पडलेला खरा क्रूर कर्कही तोच नट रंगवतो. हा दुसरा कर्क ओरडतो, धमकावतो, लाच देऊ पाहतो आणि तत्काळ कोठडीत जातो. सुसंस्कृताला रानटीपणाचे सोंग वठवता येते, रानटी माणसाला सुसंस्कृततेचे वठवता येत नाही, असा निष्कर्ष शेवटी स्पॉक काढतो. खलत्व ही बाह्य खुणांनी घडलेली, शिकता येणारी भूमिका आहे, हा या भागाचा नैतिक सिद्धान्त. लोकधर्मी अभिनयाने तीच क्रूरता जन्मजात स्वभाव म्हणून भासली असती. नाट्यधर्मी अभिनय तिचे कृतकपण सतत डोळ्यांपुढे ठेवतो.

‘डॉक्टर हू’मधील ‘इन्फर्नो’ (१९७०) या सात भागांच्या कथेत हेच सूत्र अधिक कठोरपणे येते. हुकूमशाही ब्रिटनमधील ब्रिगेड लीडर निकोलस कोर्टनी यांनी एका डोळ्यावर पट्टी बांधून, दर्पयुक्त खर्जात रंगवला आहे. पृथ्वीच्या गर्भातून विनाश उसळू लागताच तो दर्प गळून पडतो आणि आत केवळ भयभीत माणूस उरतो. आधीची अतिशयोक्ती नसती तर या पतनाला अर्थ आला नसता.

याचा अर्थ प्रत्येक अतिशयोक्ती समर्थनीय आहे, असा नव्हे. नाट्यधर्मी खलत्वाला त्याच्यासमोर उभ्या असलेल्या सज्जन प्रतिरूपाची गरज असते. ‘डीप स्पेस नाइन’च्या ‘क्रॉसओव्हर’मध्ये (१९९४) नाना व्हिझिटर यांची सत्ताधीश स्त्री स्वतःच्याच प्रतिरूपावर लुब्ध होते. सत्तेच्या आत्ममग्नतेचे ते अचूक दर्शन आहे. त्याच मालिकेतील पुढील फेऱ्यांत मात्र तो अभिनय बराचसा वेशांतराच्या गमतीपुरता उरला. ‘एंटरप्राइज’ मालिकेतील ‘इन अ मिरर, डार्कली’ (२००५) ही दोन भागांची कथा संपूर्णपणे प्रतिविश्वातच घडते. सद्विश्वातून कोणी येतच नसल्याने आरशासमोर कोणीही उभे नाही, अशी तिची अवस्था होते. मूळ विश्वातील आर्चरच्या कीर्तीची नोंद वाचून दुष्ट आर्चर मत्सराने पोळतो, तेव्हाच ती पुन्हा सजीव होते.

या परंपरेला खरा छेद दिला तो ‘डिस्कव्हरी’च्या पहिल्या पर्वाने (२०१७-१८). जेसन आयझॅक्स यांचा कर्णधार लोर्का मुळात प्रतिविश्वातला; पण पर्वाचा मोठा भाग तो महासंघाचा कठोर, जखमी मनाचा अधिकारी म्हणूनच वावरतो. स्पॉकने अशक्य मानलेले सोंग येथे यशस्वी होते, आणि ते यशस्वी होते ते संयत, वास्तववादी अभिनयाच्या बळावर. रहस्यस्फोटानंतर लोर्का उच्च स्वरात साम्राज्याची भाषा बोलू लागतो, तेव्हा तो अधिक ओळखीचा आणि म्हणूनच कमी भयावह वाटतो.

नैसर्गिक अभिनय म्हणजे प्रामाणिक आणि नाटकी अभिनय म्हणजे खोटा, हे समीकरण लोर्कामुळे पुरते डळमळते. ‘मिरर, मिरर’चा नाटकीपणा आपण सोंग असल्याची कबुली देतो, लोर्काचा सहजपणा ती दडवतो. दूरचित्रवाणीवरील अभिनयाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाने ‘नाटकी’ हा शेरा मारून थांबण्यापूर्वी त्या नाटकीपणाने काय उघड केले आणि सहजतेने काय झाकले, हे तपासावयास हवे. लोकधर्मी व नाट्यधर्मी हा भेद नाट्यशास्त्राच्या परीक्षेपुरता घोकण्याचा नसून अशा तपासणीसाठी आजही उपयोगी पडणारे साधन आहे.