स्नेहमेळाव्याची यादी जनरल रजिस्टरवरून करा

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांना बहर येतो. केजसारख्या तालुक्याच्या गावीही 'दहावीची बॅच' वीस-पंचवीस वर्षांनी मंगल कार्यालयात नाहीतर शाळेच्या पटांगणात जमते. आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, वर्गणी ठरते, शिक्षकांना शाल-श्रीफळ दिले जाते आणि जेवणाच्या आधी कोणीतरी जपून ठेवलेला वर्गाचा फोटो पडद्यावर येतो. तो आला की कार्यक्रमाचा नूरच पालटतो. चाळिशी ओलांडलेली माणसे एकमेकांना टोपणनावाने हाका मारू लागतात. या आनंदाला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. कामधंद्यासाठी पुण्याला, मुंबईला, छत्रपती संभाजीनगरला पांगलेली माणसे शाळेच्या ओढीने गावी येतात, ही मोलाची गोष्ट आहे. माझे म्हणणे यादीबद्दल आहे. हे मेळावे दहावीपाशी सुरू होतात आणि दहावीपाशीच संपतात. त्यांची सुरुवात पहिलीच्या वर्गापासून व्हायला हवी. कोणाला बोलवायचे हे फोटोवरून किंवा मोबाइलमधल्या नंबरांवरून न ठरवता प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरवरून ठरवायला हवे. बीड जिल्ह्यात, त्यातही केज, धारूर, वडवणी या पट्ट्यात, या एका बदलाने मेळाव्याचा अर्थच बदलेल.

फोटोचेच बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेतला जुना वर्गफोटो साधारण एकाच घडणीचा असतो. पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली लहान मुले, मधल्या खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि गुरुजी, असल्या तर एखाद्या बाई, मागे बाकांवर उभी केलेली उंच पोरे, आणि मधोमध पाटीवर खडूने लिहिलेले 'इयत्ता चौथी' आणि साल. हा फोटो बहुधा गॅदरिंगच्या नाहीतर निरोप समारंभाच्या वेळचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला. आता केज तालुक्याचे वर्ष कसे चालते ते आठवावे. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे उसाच्या फडाकडे निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी सांभाळायला आजी-आजोबा असतील तर मुले मागे राहतात, नसतील तर आई-बापाबरोबर फडावरच्या कोपीवर जातात. टोळ्या परततात त्या पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे फोटोग्राफर शाळेत आला त्या दिवशी पटावरची कितीतरी मुले दोन-तीनशे किलोमीटरवर धाकट्या भावंडाला सांभाळत होती. त्यांचे नाव हजेरीत होते, पण फोटोत त्यांना जागाच नव्हती. शिवाय फोटोची प्रत पैसे भरून घ्यावी लागे, त्यामुळे जी मुले हजर होती त्यांच्यातल्याही अनेकांच्या घरी ती पोचली नाही. अशा फोटोला आपण 'आमचा वर्ग' म्हणतो आणि त्याच्याच आधारे यादी करतो, तेव्हा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गैरहजेरी आपण पुन्हा एकदा मांडून ठेवतो. दहावीच्या बॅचची यादी तर त्याहून आखूड, कारण तिथवर पोचण्याआधीच पुष्कळ जण गळालेले असतात.

विद्यार्थ्यांचे जे, तेच शिक्षकांचे. मेळाव्याच्या व्यासपीठावर हायस्कूलचे सर बसलेले दिसतात: गणिताचे, इंग्रजीचे, पीटीचे. पहिली-दुसरीला ज्यांनी हात धरून अक्षर गिरवून घेतले ते गुरुजी किंवा बाई क्वचितच दिसतात. याला कारण आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाची काही वर्षांनी बदली होते, तो दुसऱ्या गावी जातो आणि गावाच्या आठवणीतून निसटतो. खासगी संस्थेच्या हायस्कूलमधला शिक्षक मात्र अनेकदा एकाच गावात पंचवीस-तीस वर्षे काढतो. शिवाय सातव्या वर्षी शिकवणाऱ्या माणसाचे ऋण पंधराव्या वर्षी शिकवणाऱ्याइतके ठळकपणे लक्षात राहत नाही. पण मराठवाड्याचा इतिहास पाहिला तर हे ऋण कुठले याचा उलगडा होतो. निजामाच्या राजवटीत माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी मुलांसाठी शाळा मोजक्याच. शेजारच्या अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा त्यांपैकी एक. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपल्यानंतर शाळा वाढल्या आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर वाडी-वस्तीपर्यंत प्राथमिक शाळा पोचवण्याला वेग आला. त्या शाळा बहुतेक एकशिक्षकी नाहीतर द्विशिक्षकी, एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन वर्ग. तिथे बसणारी बहुतांश मुले घराण्यातली शाळेत जाणारी पहिलीच पिढी होती. अशा घरी जाऊन 'पोराला शाळेत घाला' हे सांगण्याचे काम ज्याने केले, तो प्राथमिक शिक्षक होता.

आणि त्याचे हस्ताक्षर आपल्या कागदपत्रांवर आजही आहे. खेड्यापाड्यातल्या असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून का आहे? घरी नोंद नव्हती, आई सांगायची 'दुष्काळाच्या आदल्या वर्षी झाला', आणि शाळेत नाव घालायचे तर तारीख लागायचीच. गुरुजींनी मुलाकडे पाहून वय धरले आणि १ जून लिहून टाकले. त्या एका नोंदीवर पुढे दाखला निघाला, नोकरी लागली, निवृत्तीचा दिवस ठरला. म्हणूनच आपल्याकडे दर वर्षी ३१ मे रोजी इतके कर्मचारी एकदम निवृत्त होतात. आयुष्यभराचा हिशेब ज्याच्या अंदाजावर उभा राहिला, त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नसावे, याची मला मनापासून खंत वाटते.

ही सगळी माहिती ज्यात आहे ते जनरल रजिस्टर शाळेने कायमचे जपायचे असते. हजेरीपट काही वर्षांनी रद्दीत गेले तरी हे जात नाही. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटी शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना. हा रकाना सलग वाचत गेले तर गावाचा इतिहास कळतो. कुठे 'पुढील शिक्षणासाठी', कुठे 'परगावी', कुठे 'सतत गैरहजर'. 'सतत गैरहजर' या दोन शब्दांत नेमके काय दडले आहे हे केज तालुक्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मुलींच्या बाबतीत तर रजिस्टर हाच एक धागा उरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या महिलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न १८ वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. लग्नानंतर आडनाव बदलते, कित्येकदा नावही बदलते, गाव बदलते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अशी मुलगी सापडणे कठीण. रजिस्टरात मात्र ती माहेरच्या नावाने, बापाच्या आणि गावाच्या नावासकट आहे. तिथून तिच्या भावाच्या दारापर्यंत जाणे हे एका दुपारचे काम आहे. आणि जुनी रजिस्टरे कोण उघडत बसणार, असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यात शाळांची दप्तरे कपाटांतून बाहेर निघालीच होती. जातीच्या दाखल्यासाठी ज्या पानांवरची धूळ झटकली, ती सवंगड्यांसाठी पुन्हा चाळायला हरकत नसावी.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की स्नेहमेळावा ही मित्रांची खासगी गोष्ट आहे, तिच्यावर समाजकार्याचे ओझे कशाला? चार मित्र ढाब्यावर जेवायला बसले तर हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण शाळेच्या नावाने बॅनर लागतो, शाळेच्या अंगणात मंडप पडतो, 'आमच्या वर्गाच्या वतीने' म्हणून शाळेला टीव्ही किंवा पाण्याचे यंत्र भेट दिले जाते, तेव्हा ती चार मित्रांची बैठक राहत नाही. वर्गाच्या नावाने बोलायचे तर सगळा वर्ग हिशेबात धरावाच लागेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जे चौथीत गळाले, जे आजही कोयता घेऊन जातात, त्यांना अशा कार्यक्रमात बोलावणे म्हणजे त्यांना अवघडून टाकणे नव्हे काय? एकजण उठून 'मी अमुक कंपनीत मॅनेजर' म्हणणार, दुसरी 'मी तहसील कार्यालयात' म्हणणार, आणि मग माइक त्याच्या हातात जाणार. ही भीती खरी आहे. पण मग दोष बोलावण्याचा नाही, परिचयाच्या पद्धतीचा आहे. हुद्द्याऐवजी आपण कोणत्या रांगेत कोणाशेजारी बसत होतो हे सांगायची पद्धत पाडली तर माइक कोणाच्याच हातात जड होणार नाही. हजार-पंधराशेची वर्गणी आणि एकसारखे टी-शर्ट यांचीही गरज नाही. ज्याला जमेल त्याने द्यावे, बाकीच्यांनी नुसते यावे. आणि न येण्याचा हक्कही हवाच. ब्रिटनमध्ये १९६४ साली ग्रॅनडा टेलिव्हिजनने सात वर्षांच्या १४ मुलांवर 'सेव्हन अप' हा माहितीपट केला आणि पुढे दर सात वर्षांनी मायकेल ॲप्टेड त्यांच्याकडे परत जात राहिले. २०१९ मध्ये ती माणसे ६३ वर्षांची झाली तोवर. त्यात बॅरिस्टर झालेला होता आणि टॅक्सी चालवणाराही होता. यादी सातव्या वर्षीच ठरलेली असल्यामुळे पुढे कोण कुठे पोचले यावरून कोणाचे नाव गळले नाही. काहींनी मधल्या फेऱ्यांत भाग घ्यायला नकार दिला, तोही मानला गेला. आपल्याकडे मात्र गळालेल्यांच्या वतीने आपणच परस्पर नकार देऊन टाकतो, तो अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

काहीजण म्हणतील, प्राथमिक शिक्षकांचे एवढे काय कौतुक? मारकुटे गुरुजी होते, जात पाहून पोरांना बसवणारे होते, शाळेत न फिरकणारेही होते. होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तालुक्यातल्या अनेक मागासवर्गीय कुटुंबांच्या शाळेच्या आठवणी गोड नाहीत आणि त्या गोड कराव्यात असे मी सुचवतही नाही. उलट, आजच्या सत्कार समारंभात त्या आठवणींना जागाच नसते, कारण ज्यांना त्या सांगायच्या आहेत ते बहुधा यादीतच नसतात. पूर्ण वर्ग आला तर ज्या बाईंनी डबा नसलेल्या मुलाला आपल्यातली भाकरी दिली त्यांचीही गोष्ट निघेल आणि ज्या गुरुजींनी एखाद्याला दाराशी बसवले त्यांचीही निघेल. २०२२ मध्ये राज्य सरकारने 'आपले गुरुजी' म्हणून वर्गावर्गात शिक्षकांचे फोटो लावायला सांगितले. हेतू हा, की नेमलेल्या शिक्षकाच्या जागी भलताच कोणी शिकवत असेल तर ते लक्षात यावे. शिक्षक संघटनांना तो अविश्वास वाटला आणि त्यांनी विरोध केला. शिक्षकाची पारख भिंतीवरच्या फोटोने होते असे मला वाटत नाही. ती तीस वर्षांनी मोठ्या झालेल्या त्याच्या सगळ्या विद्यार्थ्यांना करता येते, त्यात चौथीत शाळा सुटलेलेही आले.

रजिस्टरात जात असते, जन्मतारीख असते, ती माहिती चव्हाट्यावर येऊ नये, ही काळजी रास्त आहे. त्यासाठी पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत, एवढे पथ्य पाळावे. मुख्याध्यापकांसमोर बसून फक्त नावे आणि वडिलांची नावे एका वहीत उतरवून घ्यावीत. शाळा व्यवस्थापन समितीतले पालक गावातलेच असतात, त्यातला निम्मा शोध ते तिथल्या तिथे लावून देतील. गुरुजींचा पत्ता तर आणखी सोपा. जिल्हा परिषदेच्या बदल्या बहुतांशी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होतात, आणि निवृत्त झालेले पुष्कळ शिक्षक केज, अंबाजोगाई, बीडमध्येच घर बांधून राहिलेले आहेत. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात किंवा केंद्रप्रमुखांकडे विचारले तर ठिकाण कळते. एक मात्र आहे, हे काम लवकर करावे लागेल. १९८०च्या दशकात पहिलीचा वर्ग शिकवणारे शिक्षक आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

राहता राहिली तारीख, आणि सगळे याच तारखेवर अडते. नोकरदारांना दिवाळीची सुट्टी सोयीची, म्हणून मेळावा दिवाळीत. पण पुण्याहून गाड्या केजकडे येतात त्याच सुमाराला गावातल्या टोळ्या फडाकडे निघालेल्या असतात. वर्गातल्या एका भागाची परतण्याची वेळ हीच दुसऱ्या भागाची जाण्याची वेळ. दिवाळीत मेळावा ठेवला की यादी कितीही नीट केली तरी अर्धी माणसे येऊ शकत नाहीत. तेव्हा मेळावा एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेच्या आसपास ठेवावा. तेव्हा टोळ्या परतलेल्या असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, शहरातल्या मुलांच्या शाळांनाही सुट्टी लागलेली असते. ऊन फार असते, पाण्याची ओढाताण असते, हे खरे; म्हणून दुपारच्या पंगतीऐवजी संध्याकाळी सहानंतर शाळेच्याच अंगणात बसावे, टँकरची सोय वर्गणीतून करावी आणि निरोप महिनाभर आधी, फोनवर नव्हे तर घरी जाऊन द्यावेत. पुढच्या उन्हाळ्यात हे करायचे असेल तर रजिस्टर पाहण्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज आताच, दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायला हवा.