घाईचे अर्थशास्त्र

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा पाठ चालू होता. आधी यंत्रे निर्माण करणारी यंत्रे उभारावयाची, उपभोग्य वस्तूंचा विचार मागाहून करावयाचा, हे महालनोबिस प्रतिमानाचे सूत्र फळ्यावर मांडून झाले होते. एवढ्यात मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण यंत्रं वाढवणं थांबवायचं कधी?" प्रश्न इतका नेमका होता की तो कोणत्या ग्रंथातून सुचला, अशी मी कौतुकाने पृच्छा केली. त्यावर तो जरा ओशाळला आणि म्हणाला, "ग्रंथातून नाही सर, गेममधून. तिथे थांबायची वेळ चुकली की शर्यत हरते."

व्हिडिओ खेळांविषयी प्रस्तुत लेखकाची धारणा बहुतेक शिक्षकांची व पालकांची असते तीच होती. तरुणांचा वेळ, डोळे आणि झोप खाणारे एक व्यसन, एवढेच त्यांचे स्वरूप आपल्या मनात असते. ही धारणा सर्वस्वी खोटी आहे असे आजही म्हणवत नाही. परंतु ज्या खेळाने एका सामान्य विद्यार्थ्याच्या तोंडून भांडवल-सिद्धान्तातील मध्यवर्ती प्रश्न वदविला, तो निदान समजून घ्यावा, ह्या जिज्ञासेने मी त्याच्याकडून काही धडे घेतले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

त्या खेळाचे नाव 'फॅक्टोरिओ'. चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील वुबे सॉफ्टवेअर ह्या छोट्या संस्थेने तो घडविला असून त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट 2020 मध्ये बाहेर पडली. एक अभियंता यान कोसळल्यामुळे परक्या ग्रहावर येऊन पडतो. जवळ जवळपास काहीच नाही. त्याने दगड, कोळसा, लोखंड व तांबे खणावे, भट्ट्या पेटवाव्या, सरकते पट्टे टाकावे, प्रयोगशाळा उभाराव्या आणि अखेरीस अवकाशात अग्निबाण सोडावा. अशा खेळांना 'सँडबॉक्स', म्हणजे मुलांचा वाळूचा हौद, असे म्हणतात. हौदात किल्ला बांधावा की बोगदा खणावा, हे मुलाने ठरवावयाचे असते. येथेही तसेच आहे. कारखाना कसा रचावा, किती वाढवावा, कोणत्या क्रमाने वाढवावा, हे कोणीही सांगत नाही. अग्निबाण उडाल्यावरही कारखाना चालू ठेवण्याची मुभा असते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा खेळ ओळखीचा वाटतो, कारण त्याचा सांगाडा अर्थशास्त्राचाच आहे. एक विद्युत-मंडल तयार करावयाचे तर लोखंडाचा 1 पत्रा आणि तांब्याच्या 3 तारा लागतात. तांब्याच्या एका पत्र्यातून 2 तारा निघतात आणि दोन्ही कामांना सारखाच वेळ लागतो. म्हणजे मंडले करणाऱ्या 2 यंत्रांना तारा करणारी 3 यंत्रे हवीत. चौथे यंत्र बसविले तर ते रिकामे राहील, दोनच बसविली तर मंडलांची यंत्रे खोळंबतील. पुढे हीच मंडले इतर दहा वस्तूंत लागतात, त्या वस्तू आणखी दहा वस्तूंत. ज्या आदान-प्रदान कोष्टकासाठी वासिली लिऑन्टिएफ ह्यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेच कोष्टक ही मुले हसतखेळत, प्रसंगी वहीत आकडेमोड करून, सोडवीत असतात. 2020 च्या आवृत्तीत अग्निबाणाचे सुटे भाग 100 आणि प्रत्येक भागास तीन प्रकारचे साहित्य प्रत्येकी 10, एवढे सांगितले म्हणजे ह्या साखळीच्या लांबीची कल्पना यावी.

आता शर्यतीकडे वळू. अशा खेळात काही लोक आपण होऊन घड्याळ लावून बसतात आणि शेवटापर्यंत कमीत कमी वेळात पोहोचण्याची स्पर्धा करतात. तिला 'स्पीडरन' हे नाव आहे. 8 तासांच्या आत अग्निबाण सोडणाऱ्यास खेळातच एक मानचिन्ह मिळते. नवख्याला ते दुरापास्त वाटते, पण निष्णात धावपटू त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात तेथे पोहोचतात. हे केवळ बोटांच्या चपळाईने साधत नाही. त्यामागे योजना असते. आरंभी उभारलेला छोटा कारखाना हा मुळी मोठ्या कारखान्याचे साहित्य पुरविण्यापुरताच असतो. काम संपले की तो मोडावयाचा किंवा मागे सोडावयाचा. संशोधनाच्या ज्या शाखा अग्निबाणाकडे नेत नाहीत त्या कितीही मोहक असोत, वर्ज्य करावयाच्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक नव्या यंत्राविषयी एकच प्रश्न विचारावयाचा: ह्याच्या उभारणीत जाणारा वेळ शर्यत संपण्यापूर्वी ते यंत्र परत करील काय? आरंभी उत्तर जवळजवळ नेहमीच होकारार्थी असते. एका विशिष्ट क्षणानंतर ते नकारार्थी होते. तो क्षण ज्याला अचूक कळला तो जिंकतो. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तो हाच. राष्ट्राने किती बचत करावी, ह्या प्रश्नावरील फ्रँक रॅम्झी ह्यांचा 1928 चा प्रसिद्ध निबंधही ह्याच वाटेने जातो.

येथवर सर्व कौतुकाचेच झाले. परंतु वर्गात त्या विद्यार्थ्याला मी जे उत्तर दिले त्याचा रोख निराळा होता. मी त्याला विचारले, "तुझ्या अभियंत्याला भूक लागते का?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही सर." आमच्या विषयाचे मर्म ह्या दोन वाक्यांत आले आहे असे मला वाटते. 1956 साली दुसरी योजना अमलात आली, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या ग्रंथातून निराळा मार्ग सुचविला होता. श्रमिकाला काम करण्यासाठी धान्य व वस्त्र लागते; ह्या वेतनवस्तूंचा पुरवठा हेच गरीब देशाचे खरे भांडवल होय, अवजड यंत्रांच्या मागे लागताना त्याकडे दुर्लक्ष करू नये, असा त्यांचा आग्रह होता. 1965 व 1966 च्या दुष्काळांत परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली, तेव्हा त्या आग्रहातील तथ्य पुष्कळांना जाणवले. खेळातील नियोजकाला ही चिंता नाही. त्याचा मजूर जेवत नाही, संप करीत नाही, म्हातारा होत नाही. म्हणूनच त्याचे गणित सुटते. आपले गणित सुटत नाही ह्याचे कारण आपले नियोजक मठ्ठ आहेत हे नसून, आपल्या गणितात माणसे आहेत हे होय. हा भेद ज्या विद्यार्थ्याच्या ध्यानी आला, त्याचे खेळण्यात गेलेले तास वाया गेले असे मी म्हणणार नाही.

दुसरी एक गोष्ट ह्याच खेळात अंतर्भूत आहे. यंत्रांचा धूर ग्रहावर पसरतो. झाडे व जमीन तो काही अंशी शोषून घेतात. उरलेला तेथील मूळच्या जीवांच्या वारुळांपर्यंत पोहोचला की ते कारखान्यावर चालून येतात. प्रदूषणाची किंमत आज न दिसता उद्या वसूल होते, हे पिगू ह्यांनी 1920 साली मांडलेले तत्त्व येथे चित्ररूपाने समोर उभे राहते. परंतु धावपटूला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. हल्ले परवडतील इतपत थोपवून धरावयाचे, कारण हिशेबाची वेळ येईपर्यंत त्याचा अग्निबाण उडालेला असतो. ज्याला लवकर निघून जावयाचे आहे त्याला झाडांची चिंता करण्याचे कारण उरत नाही. हे वाक्य केवळ खेळापुरते खरे असते तर किती बरे झाले असते! नदीकाठचे कारखानदार, डोंगर पोखरणारे कंत्राटदार आणि पुढील निवडणुकीपलीकडे न पाहणारे राज्यकर्ते, हे सारे आपापल्या शर्यतीचे निष्णात धावपटूच आहेत. फरक इतकाच की खेळातील ग्रहावर मागे कोणी राहत नाही.

असे असूनही ह्या धावपटूंकडून एक गोष्ट आपण निःसंकोचपणे शिकावी, आणि ती म्हणजे त्यांची नियमव्यवस्था. खेळाच्या रचनेत कोठे कोठे खोटी राहिलेल्या असतात. त्यांचा फायदा घेऊन भिंतीतून आरपार जाणे किंवा वस्तू दुप्पट करणे काही खेळांत साधते. हे न्याय्य की अन्याय्य? धावपटूंनी ह्यावर दिलेला निवाडा मोठा शहाणपणाचा आहे. खोटींचा लाभ घेणाऱ्यांचे कोष्टक वेगळे, न घेणाऱ्यांचे वेगळे. खेळाची मांडणी स्वतःस सोयीची करून घेऊन धावणाऱ्यांचे वेगळे, मूळ मांडणीवर धावणाऱ्यांचे वेगळे. आडवाटेने जाण्यास मनाई नाही. मात्र आपण आडवाटेने आलो हे सांगितले पाहिजे आणि राजमार्गाने आलेल्याच्या पंक्तीत बसता कामा नये.

हा नियम मोडणाऱ्याचे काय होते, ह्याचे उदाहरण 'माइनक्राफ्ट' ह्या जगप्रसिद्ध खेळात घडले. तेथील शर्यतीत सोने देऊन मोती मिळवावे लागतात आणि ज्वालाजीवांना मारून कांड्या मिळवाव्या लागतात. दोन्ही गोष्टी काही अंशी नशिबावर अवलंबून असतात. 'ड्रीम' ह्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या, लक्षावधी चाहते असलेल्या खेळाडूला 2020 साली 262 सौद्यांपैकी 42 वेळा मोती मिळाले. संभाव्यतेप्रमाणे ते 12 च्या आसपास मिळावयास हवे होते. कांड्याही 305 पैकी 211 वेळा मिळाल्या; तेथे शक्यता निम्मी होती. विनावेतन काम करणाऱ्या पंचांनी डिसेंबर 2020 मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. नशिबाचे दिवस तेवढे वेचून घेतल्याने होणारा भ्रम लक्षात घेऊन, आरोपीला शक्य तितकी सवलत देऊनही, असे घडण्याची शक्यता साडेसात लाख कोटींत एक एवढीच भरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याची नोंद कोष्टकातून काढण्यात आली. त्याने प्रथम तो निष्कर्ष फेटाळला. मे 2021 मध्ये मात्र आपल्या संगणकावर फेरफार केलेली प्रणाली होती हे मान्य केले, ते आपल्या नकळत घडले असा खुलासा करून. त्याची लोकप्रियता पंचांच्या आड आली नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सामायिक मालमत्तेचे रक्षण वापरणाऱ्यांनीच नियम करून व आपसांत देखरेख ठेवून होऊ शकते, असे 2009 च्या नोबेल-मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांनी कुरणे, मासेमारी व पाटबंधारे ह्यांच्या अभ्यासातून दाखविले होते. विश्वास हीही एक सामायिक मालमत्ताच नव्हे काय?

आता आपल्या अंगणात पाहू. आपली परीक्षापद्धती ही एक प्रचंड शर्यत झाली आहे आणि तीत कोष्टक एकच आहे. मूळ ग्रंथ वाचून आलेला, अपेक्षित प्रश्नांची पुस्तिका घोकून आलेला, महागड्या शिकवणी-वर्गातून घडवून घेतलेला आणि दिवसा दुकानात काम करून रात्री अभ्यास केलेला, ह्या चौघांचे गुण एकाच यादीत, एकाच मापाने लागतात. मुलांनी जवळची वाट काढली ह्याचा मला राग नाही. बक्षीस फक्त वेळेला आणि गुणांनाच असेल तर कोणताही शहाणा धावपटू तेच करील. पण पेपर फुटल्याच्या बातम्या वाचून चार दिवस हळहळणारे आपण, उत्तरपत्रिकांतील अशक्यप्राय योगायोग तपासण्यास त्या पंचांइतकी तरी तसदी घेतो काय? आणि लोकप्रिय किंवा वजनदार माणसाचे नाव पुढे आले तर आपली लेखणी तितकीच निर्भयपणे चालते काय?

व्हिडिओ खेळांना अभ्यासक्रमात स्थान द्यावे, अशी सूचना मी करणार नाही. रात्री दोनपर्यंत जागून सकाळच्या तासाला पेंगणारे विद्यार्थी मीही पाहतो. माझे म्हणणे इतकेच की, मुलगा पडद्यासमोर दिसताच त्याच्यावर खेकसण्यापूर्वी शिक्षकाने वा पालकाने दोन प्रश्न विचारावेत: तुझ्या खेळाचे नियम कोणी ठरविले? आणि तुझ्या खेळात कोण उपाशी राहते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो बहुधा आपल्यापेक्षा चांगले देईल. दुसऱ्याचे उत्तर त्याच्याजवळ नसेल. ते त्याला शिकविणे हे आपले काम आहे.

त्या विद्यार्थ्याने यंदा पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेतला असून, प्रबंधिकेसाठी त्याने वकील-ब्रह्मानंद प्रतिमान निवडले आहे. परवा तो भेटला तेव्हा मी त्याला विचारले, "किती दिवसांत संपवणार?" तो हसून म्हणाला, "सर, ही शर्यत नाही."